अंगणातला सोन्याचा एल्क

"एल्क!" पिहला किंचाळली. "आपल्या अंगणात एल्क उभा आहे!"

साइमी आणि उर्हो तळघरातल्या छोट्याशा खिडकीकडे धावले. बाहेर इमारतीचं अंगण नेहमीसारखंच होतं. बर्चची पिवळी पानं, कचराखोली, झोपाळा आणि बुटकी टेकडी. एल्कसारख्या थोराड हरणाचं शेपूटसुद्धा नव्हतं.

"तिकडे नाही, वेड्यांनो! इकडे! गेममध्ये!"

दोघं वळले आणि त्यांचे डोळे विस्फारले. स्क्रीनवरच्या अंगणात, त्यांनी महिनाभर खपून बांधलेल्या अंगणात, टेकडीच्या माथ्यावर घोड्याएवढा एल्क उभा होता. त्याची फावड्यांसारखी शिंगं चमचमत होती. नखशिखांत सोन्याचा!

"हा तर विकतचा आहे," उर्हो पुटपुटला. "खरे पैसे भरल्याशिवाय मिळतच नाही. पिहला! तू ते खरेदीचं लाल बटण दाबलंस?"

"ईऽऽ! मी कशाला दाबू? रोज तूच बजावतोस ना, हात लावलास तर बोटं तोडीन म्हणून!"

उर्होला ते मानावंच लागलं. पिहला त्याची धाकटी बहीण; ती भांडते, पण खोटं बोलत नाही.

कुओपिओ शहरातल्या त्या चार मजली इमारतीच्या तळघरात सगळ्या रहिवाशांची मिळून एक क्लबची खोली होती. तिथल्या जुन्या संगणकावर 'कोर्पी' नावाचा गेम होता. त्यात जमीन, झाडं, बर्फ, माणसं, काय हवं ते बांधता यायचं. वैताग एवढाच, की तो रौताकेत्तू कंपनीच्या स्वतःच्या दुकानातूनच उघडायचा. आधी दुकान यायचं, मग नाचणाऱ्या टोप्या, चकाकणाऱ्या कुऱ्हाडी, 'आजच घ्या!' अशी आरोळी. सगळ्यांना 'नंतर, नंतर' म्हणत हाकललं की मग कुठे गेम दिसायचा. मुलांनी आजवर एक काडीही विकत घेतली नव्हती. झाडं बी पेरून वाढवली होती.

आणि हा काही नुसता खेळ नव्हता. शरदाच्या सुट्टीतल्या शनिवारी इमारतीची सभा होती. टेकडी सपाट करून तिथे गाड्या लावायच्या, असा ठराव येणार होता. त्याच टेकडीवर साइमी नीट चालायला लागायच्या आधी घसरायला शिकली होती. "मुलांना काय हवं ते सभेत दाखवा," असं तिची आई म्हणाली, तेव्हा साइमीनं ठरवलं, कागदावरचं चित्र नको. गेममधलं अख्खं अंगण प्रोजेक्टरनं भिंतीवर दाखवायचं! त्यात बर्फ पडेल, मुलं घसरतील, शेकोटीच्या खोपट्यातून धूर निघेल. मग बघू कोण टेकडीला हात लावतं!

"थांबा," साइमी स्क्रीनजवळ सरकली. "गालिचे झटकायचा दांडा कुठे गेला? आपण तो कचराखोलीच्या उजवीकडे ठेवला होता."

दांडा डावीकडे उभा होता.

तिनं पुढे काही म्हणायच्या आत स्क्रीन काळी झाली. पांढरी अक्षरं उमटली: 'हा गेम दुसऱ्या ठिकाणी उघडला आहे. तुम्हाला बाहेर काढण्यात येत आहे.'

"पुन्हा!" उर्होनं टेबलावर मूठ आपटली. "सोमवारपासून हेच चाललंय! कोणीतरी आपला गेम चोरलाय. परदेशी टोळी असणार. असे लोक खाती फोडतात आणि..."

"परदेशी टोळी आपल्या अंगणात एल्क बसवते?" साइमी म्हणाली. "आणि दांडा हलवते? जरा बाहेर बघ."

उर्होनं खिडकीतून पाहिलं. कचराखोलीशेजारी खरा लोखंडी दांडा उभा होता. डावीकडे!

"म्हणजे आपलं चुकलं होतं," तो सावकाश म्हणाला. "आणि चोरानं... दुरुस्त केलं?"

"ज्याला हा दांडा माहीत आहे, त्यानं."

पिहलाच्या अंगावर शहारा आला. "म्हणजे चोर आपल्याच इमारतीत राहतो?"

उर्होनं उठून दार नीट लावून घेतलं.

बुधवारी संध्याकाळी ते पुन्हा पहाऱ्यावर बसले. गेम उघडला की थोड्या वेळात बाहेर हाकललं जायचं. पुन्हा उघडला, पुन्हा हाकललं. उर्होची बडबड आता शिव्यांच्या अगदी उंबरठ्यावर येऊन ठेपली होती. तेवढ्यात एकाएकी सगळं शांत झालं. गेम उघडा राहिला. पिहलानं टेकडीवर दोन घसरगाड्या केल्या, उर्होनं खोपट्याला छप्पर घातलं, तरी कोणी हाकललं नाही.

"गेला वाटतं चोर जेवायला," पिहला म्हणाली.

साइमी मात्र नाक वर करून हवा हुंगत होती. दाराच्या फटीतून ओल्या लाकडाचा आणि गरम दगडांचा वास येत होता. क्लबच्या शेजारीच इमारतीचा सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली होती. दर घराला आठवड्यातून एकदा तासभर ठरलेली पाळी. ती सहसा कोणी चुकवत नसे, मग घराला आग का लागेना.

"आत्ता सौन्यात कोण आहे?"

"मला काय माहीत?" उर्हो म्हणाला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "ओहो! सौना चालू, चोर बंद! पण हा योगायोगही असू शकतो."

"असू शकतो. म्हणूनच तपासायचं."

तिघं दबक्या पावलांनी बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. बराच वेळ पाण्याचा चर्रऽऽ आवाज येत राहिला. मग दार उघडलं. वाफेच्या लोटातून लालबुंद चेहऱ्याचा, झगा घातलेला, उंच माणूस बाहेर आला.

तोर्स्ती! इमारतीच्या मंडळाचा अध्यक्ष! टेकडी सपाट करायचा ठराव ज्यानं लिहिला, तोच! पिहलानं भावाचा हात इतका घट्ट धरला की तो "आई गं" म्हणाला.

तोर्स्तीनं उभं आयुष्य जमिनी मोजण्यात घालवलं होतं, पण त्याच्याकडून सरळ उत्तर काढणं म्हणजे दगडातून लोणी काढणं. पाऊस पडेल का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "पडेल, किंवा नाही पडणार."

"तोर्स्ती, तुम्ही संगणकावर गेम खेळता का हो?" उर्होनं विचारलं.

"खेळत असेन. किंवा नसेन." तो जिना चढू लागला.

हातातून मासा निसटत होता! साइमी पटकन म्हणाली, "आमचा एक वाद चाललाय. गालिच्याचा दांडा कचराखोलीच्या उजवीकडे आहे ना?"

"डावीकडे!" तोर्स्ती गर्रकन वळला. "पुरता डावीकडे! उजवीकडे ठेवणाऱ्याला डोळे नाहीत. आणि तो झोपाळा! तोही दोन हात पुढे घेतलाय!"

"कुठे घेतलाय?" साइमीनं हळूच विचारलं.

तोर्स्तीचं तोंड उघडंच राहिलं.

"सोन्याचा एल्क तुम्हीच बसवलात!" पिहला ओरडली. "तोर्स्तीकाका, तुम्ही चोर आहात!"

"मी? मी चोर?" त्याच्या खांद्यावरचा टॉवेल खाली पडला. "माझ्या गेममध्ये शिरून माझी जमीन खणता तुम्ही, आणि चोर मी?"

"तुमच्या गेममध्ये?" तिघं एकदम म्हणाले.

तोर्स्ती मटकन पायरीवर बसला. हळूहळू सगळं बाहेर आलं. क्लबचा संगणक त्याचाच होता. वसंतात नवा घेतला, तेव्हा जुना त्यानं मुलांसाठी दिला. पण गेम काही त्या संगणकाचा नव्हता. तो तोर्स्तीच्या नावावरच्या खात्याचा होता, आणि ते खातं जुन्या संगणकावर तसंच उघडं राहिलं होतं. पुसायचं तो विसरला!

"उन्हाळाभर मासे धरत होतो, गेमला हात लावला नव्हता," तो म्हणाला. "सोमवारी उघडला, तर आत आपलंच अंगण! मला घामच फुटला. म्हटलं, कोणीतरी खातं फोडलंय, आणि त्याला आपली इमारत आतून बाहेरून माहीत आहे!"

"आणि तुम्ही दांडा हलवल्यावर आम्हाला तेच वाटलं!" उर्हो म्हणाला.

"चुकीचा होता. चुकीचं मला बघवत नाही."

"मग एल्क कशाला?"

तोर्स्तीचे कान आणखी लाल झाले. "टेकडी छान जमली होती. वर काहीतरी हवंसं वाटलं." मग तो एकदम ताठ झाला. चेहऱ्यावरची सगळी लाली उतरली. "अरे देवा. मी कंपनीला कळवलंय. आजच. खात्यात चोर शिरलाय, बंदोबस्त करा, म्हणून."

चौघं धावत सुटले. पुढे साइमी, मागे झगा सावरत तोर्स्ती. पिहलानं संगणकाचं बटण दाबलं. दुकान उघडलं, टोप्या नाचल्या, कुऱ्हाडी चकाकल्या. आणि मग:

'एकच खाते अनेकांनी वापरल्याचे आढळले आहे. नियमभंगामुळे हे खाते कायमचे बंद करण्यात आले आहे.'

उर्होनं पुन्हा बटण दाबून पाहिलं. तीच अक्षरं आली.

"कायमचं?" पिहलाचा आवाज चिरकला. "पण आपली टेकडी? खोपटं? सगळं?"

"असं कसं बंद करतील!" तोर्स्ती गरजला. "गेम मी विकत घेतलाय! एल्कसुद्धा विकत घेतलाय!"

साइमीनं खालची बारीक अक्षरं वाचली. ती पुन्हा वाचली, कारण तिचा विश्वासच बसेना. "विकत नाही घेतलात. इथे लिहिलंय, तुम्हाला फक्त वापरायची परवानगी दिली होती. ती ते कधीही काढून घेऊ शकतात. आणि गेममध्ये जे बांधलं, तेही कंपनीचंच."

"आम्ही बांधलेलं? कंपनीचं?" उर्हो पुरता हादरला. "म्हणजे मी सुतारानं दिलेल्या हातोडीनं घर बांधलं, तर घर सुताराचं?"

तोर्स्तीनं कंपनीचा फोन नंबर शोधला. नंबरच नव्हता! एक बोलणारी चौकट होती. तिनं त्याला तोच प्रश्न उलटसुलट विचारला आणि शेवटी म्हणाली, 'आमची सेवा कशी वाटली? तारे द्या!'

तोर्स्तीनं आयुष्यात पहिल्यांदा पिहलासमोर असा एक शब्द वापरला, की तिनं तो मनात नीट जपून ठेवला.

पुढचे दोन दिवस साइमी क्लबच्या खोलीकडे फिरकलीही नाही. कागदावर चित्र काढायला बसली, पण ते मेलेलं दिसत होतं. त्यात कोणी घसरत नव्हतं, धूर निघत नव्हता.

शनिवारी सकाळी अंगणात तल्कोत होतं. सगळ्या रहिवाशांनी मिळून फुकट राबायचं आणि शेवटी शेगडीवरची सॉसेज खायची. सगळ्यांच्या हातात दाताळी होती. सभा दुपारी. साइमी मख्ख चेहऱ्यानं पानं ओढत होती. पिवळ्या पानांची एक लांब रेघ तिच्या मागे उमटत गेली. पुढे टेकडी होती म्हणून ती वळली. रेघही वळली.

ती थबकली. मागे वळून पाहिलं.

"उर्हो!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेगडीजवळ उभा असलेला शेजारचा वेइक्को दचकला. "पानं पोत्यात भरू नका! एकही भरू नका!"

"का? वेड लागलं का तुला?"

"अरे, गेममध्ये आपण काय केलं होतं? जमिनीवर रेघा मारल्या होत्या. मग जमीन तर ही इथेच आहे! खरी! हिला कोण कुलूप लावणार?"

उर्होनं एक क्षण तिच्याकडे बघितलं, मग दाताळं घेऊन पळतच सुटला. पिवळ्या पानांनी घसरगाड्यांच्या वाटा, तांबड्या पानांनी खोपट्याचा गोल, सुक्या काटक्यांनी बाकं. माणसं विचारू लागली, मुलं सांगू लागली, आणि बघता बघता दहाबारा दाताळी एकाच कामाला लागली. "व्हॅनवाल्यांचं काय?" वेइक्कोनं विचारलं. त्याची व्हॅन मोठी होती आणि गाड्यांच्या जागेसाठी तोच सगळ्यांत जास्त भांडायचा. साइमीनं कचराखोलीमागच्या पडीक पट्ट्यात पानांचे मोठे चौकोन आखले. "तुमची व्हॅन इथे. टेकडीला धक्का न लावता बसते का, बघा."

"बसणार नाही," वेइक्को म्हणाला.

"बसेल, किंवा नाही बसणार," मागून आवाज आला. तोर्स्ती मोजपट्टी घेऊन उभा होता. त्यानं वाकून मापं घेतली, एक चौकोन थोडा सरकवला, पुन्हा मोजलं. मग सरळ उभा राहून म्हणाला, "बसते."

सरळ उत्तर! वेइक्को बघतच राहिला.

सभेची वेळ झाली तेव्हा साइमी सगळ्यांना तळघरात नाही, तर चौथ्या मजल्यावरच्या जिन्याच्या मोठ्या खिडकीपाशी घेऊन गेली. काचेला नाकं टेकली.

खाली अख्खं अंगण रंगांनी आखलेलं होतं. आणि पिहला लाल टोपी घालून टेकडीवरून पुठ्ठ्यावर बसून घसरत होती, धडपडत होती, पुन्हा वर चढत होती.

"अरे!" साइमीची आई ओरडली. "ते माथ्यावर काय चमकतंय?"

साइमीनंही पाहिलं आणि ती थक्क झाली. हे तिच्या आराखड्यात नव्हतं! टेकडीवर एल्क उभा होता. पुठ्ठ्याचा, फावड्यांसारख्या शिंगांचा, अंगभर बर्चची पिवळीधमक पानं चिकटवलेला. उन्हात तो सोन्यासारखा झळाळत होता. तोर्स्ती छताकडे बघत मान खाजवू लागला.

"ठराव माझा होता," तो घसा साफ करून म्हणाला. "गाडीत बसून लिहिला होता, त्यामुळे गाड्याच दिसल्या. तो मी मागे घेतो. आता मुलांच्या आराखड्यावर हात वर करा."

सगळ्यांत शेवटी वर गेला तो वेइक्कोचा हात. पण गेला!

तोर्स्ती तिघांपुढे येऊन उभा राहिला. त्यानं मोजपट्टी खिशात घातली, पुन्हा बाहेर काढली. अखेर म्हणाला, "वाईट नाही."

"एवढंच?" पिहला हिरमुसली. ती नुकतीच धापा टाकत वर आली होती.

"गप," उर्हो कुजबुजला. "आपल्याकडे याला पदक म्हणतात!"

खाली सॉसेज खाताना तोर्स्तीचा फोन वाजला. त्यानं चष्मा लावून वाचलं: "'आम्हाला तुमची आठवण येते! नवे खाते उघडा, सोन्याचा एल्क अर्ध्या किमतीत!'" अख्खं अंगण खदखदून हसलं. तोर्स्ती तर डोळे पुसेपर्यंत हसला.

तेवढ्यात वारा सुटला. एल्कच्या पाठीवरून चारदोन पानं उडाली.

"अगं बाई! रात्रीत सगळं उडून गेलं तर?" पिहला घाबरून म्हणाली.

साइमीनं खाली वाकून ओंजळभर पानं उचलली.

"तर उद्या परत लावू," ती म्हणाली. "पानं आपलीच आहेत."