स्टेशनपासून पाचशे मीटर

अख्तरुन्निसाच्या पत्राला मी वेळेवर उत्तर दिलं नाही. वहीचं एक पान होतं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. ते मिळाल्याला दहा महिने होतील. एवढ्या दिवसांत मी लोकांची शेकडो पत्रं टाईप केली — कंपनीला, घरमालकाला, वकिलातीला. दुसऱ्याचं म्हणणं नीट मांडून देणं हाच माझा धंदा. स्वतःचं मांडायची वेळ आली, तेव्हा काय झालं ते सांगतो. चौसष्टाव्या वर्षी प्रेमाची गोष्ट सांगावी का, हे मला अजून नीटसं ठरवता आलेलं नाही. पण सुरुवात केली आहे, तर...

उम्म नखला ही बहारीनमधली छोटी वस्ती. तिथं माझं टायपिंगचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, चार खुर्च्या आणि खिडकीतला खडखडणारा ए.सी. सप्टेंबरचे दिवस होते. बाहेर इतकी दमट हवा की काचेवरून पाणी ओघळत होतं. दुपारी दुकानासमोर शाळेची बस बंद पडली. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं, आणि एक बाई अकरा पोरं घेऊन सरळ माझ्या दुकानात शिरली.

“बसा रे खाली. हात कशाला लावायचा नाय,” तिनं पोरांना हिंदीत नि मराठीत मिळून दटावलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “दहा मिनिटं. थंड हवेचं काय ते लावा आमच्या नावावर.”

म्हसळ्याकडची बोली मी लगेच ओळखली. मी श्रीवर्धनचा. पण ते सांगायचं धाडस झालं नाही. मी मान हलवली आणि पुन्हा टाईप करू लागलो. ती माझ्या खांद्यामागं येऊन उभी राहिली. डोक्यावरची ओढणी घामानं कपाळाला चिकटली होती, आणि ती फुंकरीनं सोडवत होती...

“काय लिहिताय?”

“हरकतीचा अर्ज. बलदियाला.”

बलदिया म्हणजे इथली नगरपालिका. मेट्रोचं स्टेशन वस्तीजवळ होणार होतं. वरून हुकूम आला होता की स्टेशनपासून पाचशे मीटरच्या आत जुनी एकमजली घरं पाडून आठ मजली इमारती बांधायच्या. वस्तीला ते नको होतं. हुकूम थांबवायचा अधिकार वस्तीला नव्हता, हरकत नोंदवायचा मात्र होता. म्हणून माझं दुकान आठवडाभर गजबजलेलं होतं.

“असे किती अर्ज झाले?”

“हा सदतिसावा.”

“सगळे नको म्हणणारे?”

“सगळे.”

“हो म्हणणारा एकही नाय?”

“अजून तरी कुणी आलं नाही.”

“मग मी आले असं समजा. लिहा.” तिनं खुर्ची ओढली. “मी बसवर मुलं सांभाळते. पहाटे चारला उठते. आमच्या खोलीत चौघीजणी झोपतो. एकीनं कूस बदलली की चौघींना बदलावी लागते. तुम्ही आठ काय, अठरा मजले बांधा. माणसांना राहायला जागा होईल, तर तुमचं काय जातं?”

“शेवटचं वाक्य जरा... सौम्य करू?”

“नको. तसंच राहू दे. आणि तुम्हाला काय वाटतं? तुम्ही कुठल्या बाजूचे?”

कुणी विचारलं नव्हतं आजवर. मी चाचरत सांगितलं की मी मागच्या गल्लीत एका खोलीत राहतो. अंगणात खजुराचं झाड आहे. सकाळी खिडकीशी वाचत बसतो. घर पाडलं नाही, तरी समोर आठ मजले आले, तर माझ्या खिडकीत ऊन येणार नाही.

ती इतकी हसली की पोरं माना वळवून बघू लागली. “बहारीनमध्ये ऊन येणार नाय म्हणून रडणारा माणूस पहिल्यांदा पाहिला!”

बस सुरू झाली. दारातून बाहेर पडताना तिनं पाटी वाचली. “लोक काय म्हणतात तुम्हाला? गनीभाई?”

“हो.”

“मी नाय म्हणायची.”

“का?”

“मला तीन भाऊ आहेत. पुरे झाले.” आणि ती गेली. काचेवर तिच्या बोटांचे चार ठसे राहिले होते. मी ते पुसले नाहीत. ते आपोआपच ओघळले.

त्यानंतर दर गुरुवारी अख्तरुन्निसा येऊ लागली. निमित्त अर्जाचं. एक ओळ वाढवायची असायची, एक काढायची असायची. तो अर्ज चार महिने चालला, ही गोष्ट आम्हा दोघांनाही ठाऊक होती, पण कुणी बोललं नाही. मी तिला पुस्तकं देऊ लागलो. ती परत करताना अभिप्राय द्यायची. “नायिका फार रडते. तिला आठवडाभर माझ्या बसवर पाठवा.” रोज दुपारी बस दुकानासमोरून जायची, तेव्हा ती आतून काचेवर टकटक करायची. मी त्या वेळेला गिऱ्हाईक घेत नसे. एकदा टकटक झाली, आणि मी हात वर केला... तोही खांद्याच्या वर नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “काल तुम्ही हात केलात? का माशी हाकलत होतात?”

“हात केला.”

“बरं झालं विचारलं. मी बसमध्ये माशी शोधत होते.”

रमजानमध्ये तिनं डब्यातून सांदणं आणून दिली. रोजा सोडायच्या आधी पाच मिनिटं दुकानात बसली. आम्ही दोघं अजानीची वाट बघत गप्प होतो. तशी गप्प ती फार वेळा बसली नाही. मला वाटलं, हे असंच चालू राहिलं तरी मला पुरेल. पुरेल असं वाटणं हा माझा जुना दोष आहे.

ईदनंतर शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली. अर्ज वाचून दाखवायचे होते. अख्तरुन्निसाला अरबी बोलता येत होतं, पण ते मोडकंतोडकं, बसमध्ये शिकलेलं. ती म्हणाली, “तुम्ही वाचा माझं. तुमची अरबी झाक आहे.” मी हो म्हणालो. घरी आरशासमोर सहा वेळा वाचूनही पाहिलं.

पुढच्या रांगांत घरमालक, मागं आम्ही भाडेकरू. एकामागून एक अर्ज वाचले जाऊ लागले. उंच इमारतींमुळे अंगणं उघडी पडतील. गाड्या लावायला जागा उरणार नाही. आणि प्रत्येक अर्जात शेवटी एक वाक्य — कुटुंबांच्या वस्तीत एकटे राहणारे अनोळखी लोक येतील. ‘एकटे राहणारे अनोळखी लोक.’ दर वेळी हॉलमध्ये माना हलत होत्या.

ते शब्द माझे होते. पहिल्या अर्जाच्या वेळी गिऱ्हाईक रागानं बरंच काही बोललं होतं. ते जरा सभ्य करावं म्हणून मी हे सुचवलं. त्याला आवडलं. मग पुढच्या छत्तीस अर्जांत मी ते तसंच चिकटवलं. काम लवकर व्हायचं, एवढंच. मी स्वतः एकटा राहणारा माणूस आहे, हे टाईप करताना मनातही आलं नव्हतं.

अख्तरुन्निसाचं नाव पुकारलं. मी उठलो. कागद हातात होता, अक्षरं दिसत होती, पण आवाज फुटेना. शंभर डोकी मागं वळली. मी घसा खाकरला... आणि खाली बसलो.

ती बायकांच्या रांगेतून उठली. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मोडक्या अरबीत म्हणाली, “मी तुमची मुलं रोज घरी आणते. उन्हात, पावसात. मी अनोळखी? मग मी कुठं राहू?” कुणीतरी तिच्या व्याकरणाला हसलं.

अध्यक्षांनी घसा साफ केला. मजल्यांबद्दल आपल्याला काही करता येणार नाही, तो वरचा हुकूम आहे, ते म्हणाले. पण राहणार कोण, याची शिफारस करता येईल. पाचशे मीटरच्या आत फक्त कुटुंबं. एकट्यांच्या खोल्या तीन महिन्यांत रिकाम्या.

टाळ्या झाल्या.

पाच दिवसांनी ती दुकानात आली, फोटोकॉपीला द्यावेत तसे काही कागद टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “यातला खालचा टाईप करायचा नाय.” खालचं ते वहीचं पान होतं.

“गनीसाहेब, हॉलमध्ये तुम्ही बसलात, त्याचा राग आला होता. आता गेला. फॅमिलीला राहता येईल म्हणतात, म्हणून लोक म्हणतील ही घरासाठी विचारते. म्हणू देत. मी रमजानपासून विचारणार होते. आपण निकाह करावा का? मला बावन्न वर्षं पूर्ण आहेत, गुडघा दुखतो, राग लवकर येतो. तुम्ही बोलत नाय ते चालेल, मी दोघांचं बोलेन. पण ह्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.”

मी ते किती वेळा वाचलं, ते मोजलं नाही. प्रत्येक वेळी शेवटी एकाच विचारापाशी येत होतो. मी लिहिलेल्या वाक्यानं तिची खोली गेली, आणि आता तिला नाइलाजानं माझ्यासारख्याशी लग्न करावं लागतंय. ती म्हणते घरासाठी नाही. पण स्वाभिमानी बाई दुसरं काय म्हणेल? माझ्यात कुणाला काही दिसेल, हे मला खरंच पटत नव्हतं. म्हणून मला जे नीट जमतं, ते मी केलं. बलदियाकडं सवलतीचा अर्ज टाईप केला. अर्जदार विधवा असून शाळेच्या सेवेत आहे, तरी खास बाब म्हणून... तीन प्रती, समास सोडून.

गुरुवारी ती आली. डोळ्यांत काजळ होतं. बसवर ती कधी काजळ घालत नसे.

“दिलंत उत्तर?”

मी पाकीट पुढं केलं. तिनं उभ्याउभ्याच वाचलं.

“हे काय?”

“सही इथं, आणि इथं. मंजूर झाला की तुम्हाला खोली सोडावी लागणार नाही. कुणावर... कुणावर अवलंबून राहायला नको.”

तिनं कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. “छान लिहिलंय,” ती म्हणाली. “एक चूक नाय.”

“शुक्रिया.”

“गनीसाहेब, मी घर मागितलं होतं का तुमच्याकडं?”

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तिनं पाकीट घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून ती बसच्या पलीकडच्या बाजूला बसू लागली. काचेतून फक्त पोरं दिसायची.

जुलैत आमची गल्ली रिकामी झाली. मला मआमीरला जागा मिळाली. एका खोलीत सहा पलंग, मधला माझा. कारखान्यांचा वास चादरींना, पावाला, पुस्तकांच्या पानांनाही लागतो. पुस्तकं खोक्यांत, पलंगाखाली. वाचायचं तर वाकून ओढावी लागतात, म्हणून वाचत नाही. दुकान तेवढं पाचशे मीटरच्या बाहेर असल्यानं राहिलं. घरं पाडली, खजूर तोडला. स्टेशनचा अजून पत्ता नाही. सगळ्या जागेला पत्र्याचं कुंपण घातलं आहे, आणि आत वाऱ्यानं आलेल्या पिशव्या फिरतात.

गेल्या आठवड्यात ताहेरा दुकानात आली. अख्तरुन्निसाच्या खोलीतल्या चौघींपैकी एक. तिला रेसिडेंट कार्डाचा फॉर्म भरायचा होता. मी नाव, जन्मतारीख, सगळं विचारून झाल्यावर शेवटी विचारलं, “अख्तरुन्निसा... कुठल्या रूटवर असतात हल्ली?”

“आपा? आपा गेली की गावाला. शाळेला सुट्टी लागली तशी. नोकरी खलास करून.”

“पण शाळेनं राहायची काही सोय नाही केली?”

“दिली होती ना! नोटीस लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी. स्टाफच्या हॉस्टेलमध्ये बेड, लिफ्ट, सगळं. आपानंच नाय म्हटलं. म्हणे, मी एका ठिकाणी विचारणार आहे, त्याचं उत्तर येऊ दे. आम्ही चिडवायचो, कुठल्या महालात विचारतेस गं? तर हसायची. मग तो बेड दुसरीला गेला. आता भावाकडं असते. भावजय टाकून बोलते. फोन केला तर दोन मिनिटांत ठेवते.”

माझी बोटं कीबोर्डवर होती. पुढची चौकट कसली होती, ते मला दिसेना.

ताहेरा माझ्याकडं बघत होती. मग टेबलाकडं, मग पुन्हा माझ्याकडं. “तुम्ही?” ती हळू आवाजात म्हणाली. “तुम्हाला विचारलं होतं?”

मी मान खाली घातली.

“माझं कार्ड द्या,” ती म्हणाली. “फॉर्म मी दुसरीकडं भरेन.”

पत्ता माझ्याकडंच होता. सवलतीच्या अर्जात मीच टाईप केला होता — कायमचा पत्ता, मुक्काम, पोस्ट, तालुका म्हसळा. शुक्रवारी खोलीतले पाचही जण नमाजाला गेले, आणि मी मागं राहून पलंगावर बसून लिहिलं. सोळा कागद फाडले. सतराव्यावर एवढंच राहिलं:

“अख्तर, हॉलमध्ये सगळे जे वाक्य वाचत होते, ‘एकटे राहणारे अनोळखी लोक’, ते मी लिहिलं होतं. ते आधी कळायला हवं, म्हणून पहिल्यांदा लिहितो. दुसरं, तुम्ही घर मागितलं नव्हतं. तुम्ही काय मागितलं होतं, ते मला तेव्हाही वाचता येत होतं. मी भ्यालो. तिसरं, उत्तर हो आहे. तेव्हाही हो होतं. आता माझ्याकडं खोली नाही, मेपर्यंतचा व्हिसा आहे आणि तो मी वाढवणार नाही. मे महिन्यात तुमच्या गावी येईन. तुम्ही दारातून परत पाठवलंत, तर जाईन, श्रीवर्धनला बहीण आहे. तुम्ही रागावलात, तर ऐकून घेईन. या खेपेला उभा राहीन.”

रविवारी पोस्टात गेलो. खिडकीमागं एक तरुण बहारीनी मुलगी होती. तिनं पाकीट वजनावर ठेवलं, पत्ता बघितला आणि म्हणाली, इंग्रजीतही लिहा. मी लिहिला.

“किती दिवस लागतील?”

“वीस. कदाचित जास्त. इंशाल्ला.”

तिनं तिकीट लावलं, शिक्का मारला. तेवढ्यात मला वाटलं, ‘मी भ्यालो’ हे फार थोडं झालं, तिथं आणखी काही लिहायला हवं होतं. मी खिडकीतून हात आत घातला आणि लेकीला हाक मारावी तसं म्हणालो, “एक मिनिट, बिंती...”

पाकीट तिच्या मागच्या पिशवीत पडलं होतं. तिनं वळून माझ्या हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि हसली.

“खलास, हाजी. गेलं.”