हत्तीने ठेवलेलं पान

"शिकामू, ड्रायव्हर मॅडम!"

मांकाने बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. अरुशातल्या सफारी कंपनीचं ते अंगण. तंबू, खुर्च्या, पाण्याचे डबे सगळं गाड्यांवर चढत होतं. समोर एक उंचापुरा तरुण उभा. एका खांद्यावर गॅसची टाकी, दुसऱ्या हातात हिरव्या केळ्यांचा घड, आणि गालात दाबलेलं हसू... शिकामू म्हणायचं ते वडीलधाऱ्यांना, मान लववून. आणि हा तर तिच्याहून चार पावसाळे जास्तच पाहिलेला दिसत होता!

दुसरी एखादी गोरीमोरी झाली असती. मांकाने हाताचं ऑइल फडक्याला पुसलं, मान ताठ केली आणि थेट आजीबाईंच्या थाटात म्हणाली, "मराहबा, बाळा. सुखी राहा. तू कुणाचा?"

"ओनाएल. माचामेचा. तुमचा स्वयंपाकी तापानं आडवा झालाय, म्हणून मला धाडलंय."

"माचामेचा? म्हणजे गोड बोलून केळी विकणाऱ्यातला."

"आणि तुम्ही किबोशोच्या, हे नाकावरून कळलंच. किबोशोची माणसं सकाळी उठून आधी भांडतात, मग चहा घेतात."

दोन्ही गावं एकाच डोंगराच्या उतारावरची. किलिमांजारोच्या लेकरांचं एकमेकांना चिडवणं काही आजचं नव्हतं. मांकाला हसू आलं... पण तिने ते गिळलं. आज हसायचा दिवस नव्हता. गाईडचा परवाना पर्समध्ये घालून ती वर्षानुवर्षं कंपनीच्या ऑफिसात फोन उचलत बसली होती. मालक शिरिमांनी परवा तिच्यासमोर किल्ली धरली होती. "ही एक सफर नीट नेऊन आण. मोसमभर गाडी तुझी. नाहीतर फोन आहेच."

ती किल्ली आता तिच्या मुठीत होती आणि तिला ती कुणालाही परत द्यायची नव्हती.

पाहुण्या म्हणजे डेन्मार्कच्या दोन म्हाताऱ्या बहिणी. थोरली दुर्बीण डोळ्यांवरून काढत नसे, धाकटीचं लक्ष पुढच्या दोन सीटांवरच जास्त. पुढे मांका चालवायची, शेजारी ओनाएल बसायचा. तारांगिरे अभयारण्यातली लाल धूळ खिडकीतून आत यायची आणि तो आपला रुमाल ओला करून न बोलता तिच्याकडे सरकवायचा.

"मला धूळ लागत नाही," ती म्हणायची.

"हो ना. धुळीचीच हिंमत होत नसेल," तो म्हणायचा.

रुमाल मात्र ती घ्यायची.

बाओबाबच्या सावलीत हत्तींचा कळप होता. मांकाने इंजिन बंद केलं. "बोलू नका. म्हातारी आधी आपल्याला हुंगेल, मग पोरांना पुढे सोडेल." आणि तसंच झालं! कळपाच्या म्होरकीने सोंड उंच केली, वास घेतला, आणि पिल्लं गाडीच्या नाकासमोरून दुडदुडत गेली. बहिणींचे डोळे भरून आले. मांकाने सहज शेजारी पाहिलं. ओनाएल हत्ती पाहतच नव्हता.

"काय?" ती पुटपुटली.

"काही नाही... स्टिअरिंग शोभतंय तुम्हाला."

त्या संध्याकाळी चहा पिता पिता ती बोलून गेली, "डोंगर सोडल्यापासून आईच्या हातचं म्तोरी चाखलं नाही. शहरातलं सूप म्हणजे नुसतं केळ्याचं पाणी." ओनाएल नुसता हसला, आणि त्या हसण्याचा अर्थ तिला दुसऱ्या दिवशी कळला. तोही सगळ्या जगादेखत!

न्गोरोंगोरोच्या काठावर थंडी मी म्हणत होती. मांका पाहुण्यांना घेऊन पायीच कड्यावरून खालचं विवर दाखवायला गेली. मुक्कामाच्या तळावरच्या स्वयंपाकघरात ओळीने स्टोव्ह फुरफुरत होते. ओनाएलला ते मांस-केळ्यांचं म्तोरी करायचं होतं, आणि ते गुपचूप करायचं होतं. सगळ्या स्वयंपाक्यांच्या डोळ्यांदेखत घड ठेवला असता तर बातमी चहाच्या आधी मांकापर्यंत पोचली असती. म्हणून त्या शहाण्याने केळी गाडीतच, मागच्या सीटखाली ठेवली, आणि मांस शिजवायला गेला.

गाडीत फळं ठेवायची नाहीत, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण प्रेमात पडलेल्या माणसाला कुठला नियम आठवतो?

मांका परतली तेव्हा तळावर हीऽऽ गर्दी. पाण्याच्या टाकीवर रोज येणारा एकांडा हत्ती आज तिच्या गाडीपाशी उभा होता. खळ्ळकन आवाज झाला. काच फुटून सोंड आत गेली, घड बाहेर आला... आणि महाराज केळी चावत चावत, कुणाकडे न बघता, झाडीत निघून गेले.

मांका गाडीकडे धावली. तिची गाडी! तिची पहिली सफर!

भोवती बाकीचे ड्रायव्हर जमले. त्यांतला सगळ्यात जुना मसावे हसत म्हणाला, "काय मांका, हत्तीला लिफ्ट देत होतीस होय?"

तेवढ्यात ओनाएल धावत आला. हात पिठाने माखलेले, चेहरा पांढराफटक. "तिला काही बोलू नका! केळी माझी होती. तिची काय चूक? ती बिचारी नवीन आहे!"

बिचारी.

काच फुटली तेव्हा लागलं नव्हतं इतकं मांकाला आता लागलं. ती सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाली, "गाडी माझ्या ताब्यात आहे. तिच्यात काय आहे ते मी बघायला हवं होतं. चूक माझी." आणि काचा वेचायला वाकली.

केळ्यांविनाचं सूपही उत्तम झालं होतं, असं बहिणींनी सांगितलं. तिने ताटाला हात लावला नाही.

सकाळी फुटलेल्या खिडकीवर तंबूचं कापड ताणून शिवलेलं होतं, टाके एकसारखे. आणि स्टिअरिंगला एक लांब हिरवं पान गाठ मारून बांधलेलं होतं. इसालेचं.

डोंगरावर प्रत्येक घराचं कुंपण इसालेचं असतं. आणि भांडण मिटवायला कुणी गाठ मारलेलं इसालेचं पान घेऊन दारात आला, तर तो कितीही मोठा गुन्हेगार असो, त्याला परत पाठवता येत नाही. वाडवडिलांचा दंडक आहे तो.

ओनाएल गाडीच्या दाराशी खाली मान घालून उभा होता. "आईनं घडावर खोचलं होतं. हत्तीनं केळी खाल्ली... एवढं ठेवलं."

मांकाला तेव्हाही हसू आलं. काय मेला माणूस आहे! पण नाक आडवं आलं.

"पान कशासाठी आहे?"

"केळ्यांसाठी."

"मग केळ्यांपुरती माफी." तिने पान काढून आरशाला अडकवलं आणि इंजिन चालू केलं. "बस."

सेरेंगेटीपर्यंत पुढच्या सीटवर कडक शांतता होती. ओनाएल तिच्याकडे चोरून बघत होता आणि विचार करकरून त्याचं डोकं शिणत होतं. केळ्यांची माफी झाली, मग उरलं काय? मागून धाकटी थोरलीला कुजबुजली, "भांडलेत." थोरलीने दुर्बीण न काढता विचारलं, "कोण? सिंह?"

रेडिओ मात्र गप्प बसत नव्हता. पाहुण्यांना कळू नये म्हणून ड्रायव्हर लोक जनावरांना टोपणनावं देतात. "नदीच्या वळणावर मिशाळराव झोपलेत," मसावेचा आवाज आला. "मांका, ये इकडे. तुला आयतं दाखवतो. नवीन आहेस, शोधत कुठं बसशील?"

सिंहाभोवती गाड्यांची जत्रा असणार, हे तिला ठाऊक होतं.  दूर एका टेकाडावर हरणांचा कळप खिळल्यासारखा उभा होता, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. तिने गाडी हळूच तिकडे वळवली. गवतात चित्त्याची मादी होती, आणि तिच्या पायांशी कापसाच्या गोळ्यांसारखी पिल्लं. आसपास एकही गाडी नाही. ती सकाळ फक्त त्यांची होती. थोरलीने पहिल्यांदाच दुर्बीण खाली ठेवली आणि नुसत्या डोळ्यांनी बघत राहिली.

ओनाएलचा ऊर भरून आला होता. 

परतताना सर आली. तिथल्या काळ्या मातीला एक सर पुरे. चाकं फिरली, घसरली आणि गाडी रुतली. मागून मसावेची गाडी येऊन थांबली. त्याने दोर बाहेर काढलाच होता. "ए स्वयंपाक्या, बांध हा दोर! पोरीला जमायचं नाही."

मांकाचे ओठ घट्ट मिटले. ओनाएलने दोर हातात घेतला, मग तिच्याकडे पाहिलं. क्षणभरच. आणि त्याला काय दिसलं कोण जाणे, त्याने दोर मसावेला परत दिला.

"मसावेबाबा, मला का विचारता? गाडी तिची आहे. तिला विचारा."

पावसाचे थेंब टपावर वाजत होते. मांकाने त्याच्याकडे बघितलं. भांडणानंतर पहिल्यांदाच, नीट.

"दोर नको, बाबा. आभार," ती म्हणाली. "ओनाएल, फावडं घे. चाकापुढचा चिखल काढ, खाली फांद्या घाल. आणि मी सांगेन तेव्हा ढकल. आधी नाही."

"बरं."

तिने टायरची हवा थोडी उतरवली, गाडी हळूहळू मागेपुढे झुलवली. "आता!" इंजिन घुमलं, ओनाएल आपादमस्तक चिखलाने न्हाला, आणि गाडी डौलात बाहेर आली. बहिणींनी टाळ्या पिटल्या. मसावेने दोर गुंडाळला आणि कुणाला दिसणार नाहीत अशी टोपीला बोटं लावली. मांकाला मात्र दिसली.

ओनाएल शेजारी येऊन बसला, अंग चोरून. तिने त्याचाच रुमाल ओला केला आणि त्याच्याकडे सरकवला.

"मला चिखल लागत नाही," तो म्हणाला.

"दिसतंय," ती म्हणाली. मग दोघांनाही हसू आवरेना...

अरुशाच्या अंगणात मालक शिरिमा गाडीभोवती फिरले. शिवलेल्या खिडकीपाशी थांबले. ओनाएलने तोंड उघडलं. मांकाने नुसतं पाहिलं, आणि त्याने ते मिटलं. ओठ चावून, मुठी आवळून तो गप्प उभा राहिला. त्याला ते किती जड जात होतं, हे तिला कळत होतं.

"बाबा, काच हत्तीनं फोडली," ती म्हणाली. "गाडीत केळी होती. मी गाडी तपासली नाही. बाकी सफर जशी न्यायची तशी नेली. किल्ली परत हवी असेल तर ही घ्या. पण फोनवर मी बसणार नाही. दुसरीकडे गाडी शोधेन."

शिरिमांनी किल्लीकडे पाहिलं, मग तिच्या ताठ मानेकडे. "आजवर माझ्या एकाही ड्रायव्हरची काच हत्तीनं फोडली नाही. सगळ्यांना दगडच लागतात. वाटेतला दगड, उडालेला दगड..." ते मिशीत हसले. "ठेव ती किल्ली. काच बसवून घे, नवे पाहुणे येतायत. आणि स्वयंपाकी बदलून हवा का?"

"नको," ती म्हणाली. जरा घाईनेच.

मालक गेले. ओनाएलने सोडलेला श्वास अंगणाच्या फाटकापर्यंत ऐकू गेला असेल. "जीव जात होता माझा गप्प बसून!"

"माहीत आहे. म्हणून तर स्वयंपाकी बदलला नाही."

"मांका..." आज मॅडम नव्हतं, तुम्ही नव्हतं. "परवा चिखलात कळलं मला. तू केळ्यांवर रागावलीच नव्हतीस. मी बिचारी म्हणालो त्यावर... त्याचं पान द्यायचं राहिलंय. उद्याच डोंगरावर जातो. आईच्या कुंपणातलं सगळ्यात लांब पान आणतो."

"एका पानानं भागायचं नाही."

"मग?"

मांकाने आरशाला अडकवलेलं पान काढलं. एवढ्या उन्हाधुळीत वाळलं होतं, पण गाठ सुटली नव्हती. तिने ते खिशात, परवान्याशेजारी ठेवलं.

"फांद्या आण. इसालेची फांदी मातीत खोचली की जगते."

"किती आणू?"

"घराभोवती कुंपण होईल एवढ्या."

गॅसची टाकी उचलायला वाकलेला ओनाएल तसाच राहिला. "कुणाच्या... घराभोवती?"

"आपल्या," मांका म्हणाली, आणि मान ताठ ठेवूनच लाजली.