भिंतीतली पांढरी रेघ

मामाच्या डोक्यावर टक्कल आहे हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. ते लालभडक आहे, हा शोध मात्र याच सुट्टीत लागला.

शोध लावणारं यंत्र मामानेच बनवलं होतं. जेवणाच्या डब्यात बसवलेला इन्फ्रारेड कॅमेरा. डोळ्यांना न दिसणारी उष्णता तो पडद्यावर रंगांत दाखवायचा. गार ते निळं, कोमट ते पिवळं, गरम ते लाल आणि भाजेल ते पांढरं. त्याचं पेटंट घ्यायला मामा परगावी गेला, आणि जाताना कॅमेरा घरीच विसरला. तसाच दिसणारा दुसरा, रिकामा डबा तेवढा आठवणीने नेला.

"बाबा विसरले नाहीत," वकील म्हणाला. "त्यांनी कॅमेरा आपल्या हवाली केला. फक्त तोंडाने सांगितलं नाही."

वकील म्हणजे मामाचा मुलगा, वय अकरा. भांडायला कोणी नसलं की तो आरशापुढे उभा राहायचा, आणि तिथेही हरायचा नाही. त्याची आतेबहीण ताई तेरा वर्षांची. ती बोलायची कमी आणि ठरवायची जास्त. तिची सहा वर्षांची बहीण धाकटी. तिला रोज दुपारी पोहण्याच्या वर्गाला नेणं-आणणं, हे या दोघांच्या सुट्टीला लागलेलं ग्रहण होतं.

"काल शॉवरचं पाणी चावलं," तलावाच्या दारात धाकटी म्हणाली.

"पाणी चावत नाही," वकील म्हणाला.

"तुला नाही चावलं." आणि ती टोपी घालून आत पळाली.

बाहेर बऱ्याच दिवसांनी कडक ऊन पडलं होतं. वर्ग सुटेपर्यंत दोघं लांबलचक, रिकाम्या बोळात थांबली. ताईने चाळा म्हणून कॅमेरा समोरच्या भिंतीवर धरला आणि तिचा हात तसाच राहिला.

भिंत गुळगुळीत होती, नुकती रंगवलेली. पडद्यावर मात्र तिच्यातून एक रेघ छतापासून खाली उतरत होती आणि खाली येऊन मुलांच्या शॉवरच्या खोलीकडे वळत होती.

"ही काल लाल होती," ताई म्हणाली.

आज ती पांढरी होती.

टक्. भिंतीच्या आत काहीतरी वाजलं. मग जरा खाली, टक् टक्. जणू आतून कोणी एकेक पायरी उतरत होतं.

ताईने कॅमेरा वकिलाकडे वळवला. त्याचं नाक निळं दिसत होतं. "घाबरलास. घाबरल्यावर नाक गार पडतं."

"माझं नाक जन्मापासून गार आहे," वकील म्हणाला. पण दोन पावलं मागे सरकून म्हणाला.

दोघं व्यवस्थापकबाईंच्या केबिनमध्ये गेली. बाई फुंकर घालून नखं वाळवत होत्या.

"भिंतीतला पाइप भाजतोय, तापून वाजतोयही," ताईने सांगितलं. "हे बघा, पांढरा."

"हे डब्यातलं यंत्र," बाई म्हणाल्या. "ते बघ भिंतीवरचं पॅनेल. गच्चीवरच्या सोलर टाकीचं पाणी अठ्ठावीस अंश. मी डब्यावर विश्वास ठेवू की भिंतीवर?"

"पण टाकी खरंच तापली तर?"

"तर पॅनेल आपोआप गार पाणी मिसळतं. फारच तापली तर अलार्म होतो आणि शॉवरचं गरम पाणी बंद. पूर्वी रोज दुपारी व्हायचा मेला! मुलं गार पाण्याने किंचाळायची, पालक माझ्यावर किंचाळायचे. मी ऑपरेटरला म्हटलं, काहीही करा, पण तो वाजता कामा नये. तेव्हापासून कशी शांतता आहे बघा."

टक्, शांततेने भिंतीतून दुजोरा दिला.

बाहेर येताच ताई जिना चढू लागली. "पॅनेलला टाकी गार वाटतेय. म्हणजे ते गार पाणी मिसळतच नसणार. वर्ग आता सुटेल. सगळी मुलं शॉवरखाली जातील."

"आणि रांगेत पहिली कोण असते?" वकिलाने विचारलं. उत्तर दोघांनाही माहीत होतं. धाकटी कुठल्याही रांगेत दुसरी उभी राहिलेली नव्हती.

टाकीच्या खोलीच्या दारात ऑपरेटरकाका स्टुलावर बसले होते. आत टेबलावर त्यांचा नुकता ओतलेला चहा वाफाळत होता.

"इथे मुलांना मनाई आहे. पाटी वाचा," काका म्हणाले.

"वाचली," वकील म्हणाला. "'आत जाऊ नये.' मग तुम्ही कसे जाता?"

"मी ऑपरेटर आहे."

"ऑपरेटर सोडून, असं कुठे लिहिलंय?"

काकांनी आयुष्यात प्रथमच ती पाटी वाचायचं ठरवलं. ते उठले, चष्मा पुसला, पाटी वाचली, मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. इतकी वर्षं आपण नियम मोडतोय की काय!

ताई केव्हाच आत शिरली होती.

पडद्यावर टाकी नखशिखांत पांढरी होती. ती हळूहळू गुरगुरत होती. कोपऱ्यात एकच निळा ठिपका होता, गार पाण्याची बादली. इथल्या भिंतीवरही खालच्यासारखंच पॅनेल होतं. त्यातून निघालेली तापमापकाची तार टाकीत जायला हवी होती, ती थेट त्या बादलीत बुडवलेली होती. आजार म्हशीला आणि औषध पखालीला!

खाली शिट्टी वाजली. वर्ग सुटला.

ताईने तार बाहेर ओढली. टाकीला हात लावायची सोय नव्हती. तिने कॅमेरा फिरवला. खोलीत आणखी एकच गोष्ट पांढरी होती.

तिने तार काकांच्या चहात सोडली.

पॅनेलवरचा आकडा क्षणभर विचारात पडला. मग चढू लागला. खालून मुलांच्या पावलांची धावपळ ऐकू आली. आकडा चढत राहिला, आणि अलार्म केकाटला.

पाठोपाठ खालून किंकाळी आली. आवाज धाकटीचा होता.

ताई जिना कसा उतरली ते तिलाही आठवत नाही. शॉवरच्या दारातून धाकटी बाहेर येत होती, केसांत फेस, दात वाजताहेत.

"पाणी बर्फ झालंय!" ती ओरडली. "मी रांगेत पहिली होते म्हणून मलाच!"

ताईने कॅमेरा तिच्यावर धरला. डोक्यापासून टाचेपर्यंत निळी. इतका सुंदर निळा रंग ताईने कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी मामा परतला. त्याच्यासमोर काकांनी टाकीचा नळ किंचित उघडला. वाफेचा लोट उठला आणि खालची प्लॅस्टिकची बादली मेणासारखी वाकली. व्यवस्थापकबाईंनी आधी बादलीकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

"मला शांतता हवी होती," त्या पुटपुटल्या. "मुलांनो, तुम्ही तो गोंगाट केलात म्हणून..."

"पेटंटवाल्यांनी विचारलं, याचा उपयोग काय," मामा ताईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला. "उद्या तुम्हा दोघांनाच घेऊन जातो. आणि कॅमेराही."

काका मान खाली घालून उभे होते. धाकटीने कॅमेरा उचलून त्यांच्यावर रोखला.

"ताई, काकांचे कान पांढरे!"

"पांढरे नाहीत, लाल आहेत," ताईने नीट पाहून सांगितलं. "लाज वाटली की होतात."

"माझी चूक झाली पोरी," काका म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "चहा मात्र मी प्यायलो. जरा तारेची चव होती."

दुसऱ्या दिवशी तार टाकीत परत बसली आणि दारावर नवी पाटी लागली, 'आत जाऊ नये. ऑपरेटर सोडून.' खाली वकिलाने पेन्सिलीने भर घातली होती, 'आणि ताई.'