सबब

भिंगरी टंकलेखकाच्या टेबलाला धडकली, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. टेबल कोर्टाच्या जिन्याखाली, आणि टंकलेखकाची बोटं अशी वेगवान की खडखडाटानं तीन कबुतरं गाव सोडून गेली. चौथं राहिलं, ते बहिरं होतं म्हणून!

घरचे तिला भिंगरीच म्हणत. लक्ष एका जागी ठरेना. चारचौघांत बोलायचं तर छातीत धडधड. वकिलीच्या कॉलेजात नंबर लागला होता, आज पाच वाजेपर्यंत प्रवेश घ्यायचा होता... आणि घ्यावा की नाही, हेच ठरत नव्हतं. दादा म्हणाला होता, "तू अशिलाला सोडवायचं सोडून न्यायाधीशालाच तुरुंगात धाडशील!"

"कॉलेजात प्रवेश घेतलाच, तर परीक्षेत जास्त वेळ मिळावा, असा अर्ज हवाय," ती पुटपुटली. "डॉक्टरांचं पत्र आहे..."

त्यानं तिच्याकडे पाहिलं — जरा जास्तच वेळ — आणि टाइप करून वाचून दाखवलं, "अर्जदारास लक्ष एकाग्र करण्यात अडचण येते. सबब..."

"सबब?" ती ताडकन उठली. "शाळेपासून हेच ऐकतेय! आता तुम्हीही?"

"अहो, थांबा! कोर्टाच्या भाषेत सबब म्हणजे 'म्हणून'. अडचण आहे, म्हणून वेळ द्या. एवढंच!"

तिचे कान लाल झाले. मग हसूच फुटलं.

"मला जमेल... वकिली?"

"खोटं कशाला बोलू? मी संध्याकाळच्या वर्गात तेच शिकतो. वाचायला डोंगर असतो. काहींना नाही झेपत." त्यानं एक जुना निकाल पुढे सरकवला. "आवडतं का, तेवढं बघा."

दोन शेजारी, एक भिंत, आणि भिंतीवरच्या मांजरीची मालकी! ती वाचत बसली. दोनदा उठून नळापर्यंत फिरून आली, बोटानं ओळ शोधून पुन्हा वाचू लागली. "मांजरीला विचारलं का कुणी?" ती स्वतःशीच म्हणाली, आणि टाइप करताना त्याची अख्खी ओळ चुकली.

"अहो, पावणेपाच!"

"थांबा ना, दोनच पानं राहिलीत!"

आपण काय बोललो, ते तिला आत्ता ऐकू आलं. तिनं अर्ज ओढून सही ठोकली.

कॉलेज रस्त्यापलीकडेच. दोघं धावत सुटले.

"धडधडतंय हो!"

"माझंही! आणि माझ्याकडे तर डॉक्टरांचं पत्रसुद्धा नाही."

खिडकीतल्या बाईंनी प्रवेशाच्या फॉर्मवर आणि अर्जावर शिक्का मारला, तेव्हा पाचला एक मिनिट कमी होतं.

"माझाही एक अर्ज आहे," तो घुटमळला. "तोंडी..."

"पहिल्याच दिवशी निकाल हवा?" ती हसली. "तारीख देते. उद्या, चार वाजता. मला उशीर होईल... पण आलेच नाही, असं समजून उठू नका."