आवाज थांबला की थांबायचं

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की माझ्या क्रेनच्या केबिनमधून पाहिलं तर देवाने खालचं जग पुसूनच टाकलंय असं वाटावं. जहाज दिसेना, धक्का दिसेना. हुकाला लटकलेला लोखंडी कंटेनर तेवढा समोर डुलत होता. आणि हेडफोनमध्ये अचानक एक अनोळखी आवाज आला… खर्जातला, संथ, जराही घाई नसलेला.

“अप… अप… नाऊ डाउन, ऑन्टू द ट्रक.”

मला ‘ट्रक’ कळला. बाकीचं डोक्यावरून गेलं. मी लिव्हर सोडला.

“थांबलात का?”

“कोण बोलतंय?”

“खाली उभा आहे तो. काकांना ताप आलाय, त्यांच्या जागी मला पाठवलंय.”

काका म्हणजे माझे इशारेवाले. खालून हात हलवायचे, मी वरून माल हलवायचे; आमचा संसार मुक्याने सुरळीत चालला होता.

“काका हातांनी सांगतात,” मी फणकारले.

“या धुक्यात माझे हात दिसणार आहेत तुम्हाला?”

“मग आपल्या भाषेत सांगा ना!”

“तुम्हाला कळेल हो. पण जहाजावरची माणसं सतरा देशांची. तीही हेच ऐकतायत. त्यांनी कुठे उभं राहायचं?”

तोच पुढे म्हणाला, “पण थांबलात ते उत्तम केलंत. कळलं नाही तर थांबायचं, आवाज थांबला तर थांबायचं. आपल्या मनाने वीतभरही हलायचं नाही. हे ज्याला जमतं, त्याला बाकीचं शिकवता येतं.”

शिकवता येतं! समजतो कोण स्वतःला? …असं मी म्हणणार होते. पण हसू आलं, आणि हेडफोनचं बटण चालू होतं.

चहाच्या सुट्टीत खाली उतरले तर कॅन्टीनच्या दारात तो उभा. उंच, किडकिडीत, भुवयांवर धुक्याचे थेंब.

“अगं चिमणे, हा मास्तर,” मुकादम म्हणाले. उंचावर बसते म्हणून सगळी गोदी मला चिमणी म्हणते. “नावाचाच मास्तर गं, पण तोंड उघडलं की शिकवायलाच लागतो. बरं झालं, तुझी परीक्षा आलीच आहे.”

परीक्षा! बाहेरच्या धक्क्यावर नवी, अजस्र क्रेन आली होती. तिच्या खुर्चीसाठी मुकादमांनी माझं नाव पुढे केलं होतं, आणि त्या दिवसापासून मी देवाजवळ दुसरं काही मागितलं नव्हतं. पण तिथले सगळे हुकूम इंग्रजीत. ते जमले नाहीत तर खुर्ची दुसऱ्याला.

“शिकवाल?” मी विचारलं.

“फी लागेल.”

“काय?”

“माझ्यासमोर बसून चहा प्यायचा. रोज.”

मी लाजले की नाही ते मला माहीत नाही. मुकादम मात्र खोकत खोकत निघून गेले.

मास्तरांनी साखरेचा खडा घेतला आणि कपाच्या शेजारी ठेवला. “तुम्हाला मोठे शब्द येतात. अडतं ते या चिल्ल्यापिल्ल्यांपाशी. हे बघा. ‘इन’ म्हणजे आत. समजा, खडा आत आहे, गप्प बसलाय. ‘टू’ म्हणजे कडे. नुसतीच दिशा. पण दोघं एकत्र आले, की—” त्यांनी खडा कपात सोडला. डुबुक! “इन्टू. बाहेर होता, आत गेला.”

“म्हणजे एकेकटे असले की बसून राहतात…”

“आणि जोडी जमली की निघतात.”

एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात, ते काय खोटं? आम्ही दोघंही कपाकडे बघत राहिलो.

मग रोजच खेळ सुरू झाला. काडेपेटी बशीवर चढली, की ‘ऑन्टू’. बशीवरून उतरली, की ‘ऑफ’. काडी पेटीतून बाहेर आली, की ‘आउट ऑफ’. माझा रुमाल त्यांच्या हातातून सुटून टेबलाच्या पलीकडे पडला, तेव्हा मी म्हटलं, “ओव्हर!” तर म्हणाले, “नुसतं ओव्हर नाही. कुठून कुठे गेला ते सांगा. मुद्दाम टाकलाय मी.”

“विरघळलेल्या साखरेचं काय?” एकदा मी विचारलं. “ती तर कुठे गेली नाही. कपातच आहे.”

“तिथेही ‘इन्टू’च लागतं. पाण्याचं बर्फ झालं, टर्न्ड इन्टू आइस. जागा तीच, पण एक होतं त्याचं दुसरं झालं. तोही प्रवासच.”

“आणि माणसाचं झालं तर?”

त्यांनी माझा कप माझ्याकडे सरकवला. मग हळूच म्हणाले, “चहा निवतोय… तुझा.”

‘तुमचा’चं ‘तुझा’ झालं होतं. मी ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं. त्या दिवशी घरी जाताना सारा रस्ता मी गुणगुणत होते. आई म्हणाली, “काय गं, स्वारी आज तरंगतेय!”

परीक्षेच्या आदल्या दिवशी काका बरे होऊन आले आणि सहज बोलून गेले, “पास झालीस की सुटलीस बाई. बाहेरच्या धक्क्याला त्यांचे स्वतःचे इशारेवाले. आम्ही इथे, तू तिथे.”

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. मास्तरांना हे माहीत नसणार? पहिल्या दिवसापासून माहीत होतं! तरी रोज टेबलाशी बसून त्यांनी मला दूर जायलाच शिकवलं होतं…

परीक्षेची सकाळ लख्ख उजाडली. परीक्षक बाई धक्क्यावर हातात घड्याळ घेऊन उभ्या होत्या. सगळी गोदी कामं टाकून बघत होती, आणि प्रत्येकाच्या कानात तोच चॅनल. हुकूम इंग्रजीत द्यायचे म्हणून काकांऐवजी खाली मास्तर होते. देवाचं नाव घेऊन मी लिव्हर धरला.

“अप,” मास्तरांचा आवाज आला. “ऑफ द ट्रक… अप ओव्हर द रेल… आउट ओव्हर द वॉटर…”

कंटेनर माझ्या बोटांत असल्यासारखा चालला होता. कठड्यावरून, पाण्यावरून गेला, जहाजावर आला, जहाजाच्या उघड्या पोटाच्या, म्हणजे ‘होल्ड’च्या, बरोबर वर. आता उरलं होतं फक्त ‘डाउन इन्टू’. खाली सोडला की खुर्ची माझी.

आणि आवाज थांबला.

मी थांबले.

घड्याळ पळत होतं. खालचा चौकोन मला स्वच्छ दिसत होता. पुढचा हुकूम काय, ते शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. मुकादम खालून दोन्ही हातांनी खुणावत होते, सोड, सोड! पण मी लिव्हर हलवला नाही. कंटेनर उन्हात हळूहळू डुलत राहिला.

“ऑपरेटर, का थांबलात?” बाईंचा करडा आवाज.

“आवाज थांबला, बाई.”

“पुढचं माहीत नाही?”

“माहीत आहे. पण माझ्या मनाने नाही हलवणार.”

मग बाई म्हणाल्या, “छान. इशारेवाल्याने मुद्दाम पारखलेलं दिसतंय.”

“नाही, बाई.” मास्तर! आवाज पार चिरका झालेला. “मुद्दाम नाही. माझी चूक आहे. शब्दच फुटेना. हा खाली गेला की… की ती जाणार. माझं प्रेम आहे तिच्यावर.”

देवा रे! साऱ्या गोदीने ऐकलं. कुणीतरी शिट्टी मारली. जहाजावरचे परदेशी खलाशी एकमेकांना विचारू लागले, काय झालं, काय झालं.

“मास्तर,” बाई अगदी कोरडेपणाने म्हणाल्या, “तुमचा समाचार मी नंतर घेते. माल अजून हवेत आहे.”

“हो, बाई. …डाउन. डाउन इन्टू द होल्ड. डाउन… डाउन… स्टॉप.”

कंटेनर टेकला. आवाजसुद्धा झाला नाही.

मी शिडी कशी उतरले कोण जाणे. बाईंनी माझा हात हातात घेतला, म्हणाल्या, “सोमवारपासून बाहेरच्या धक्क्यावर या,” आणि मास्तरांकडे एक जळजळीत नजर टाकून गेल्या. मास्तरांना पुढे शिक्षा म्हणून महिनाभर गोदामात बसवलं, ते वेगळं. बाकीची माणसं अवतीभवती दोरखंड गुंडाळत राहिली. जे गुंडाळायचे नव्हते तेसुद्धा.

मास्तर मान खाली घालून उभे होते. “तुझं नुकसान करणार होतो मी.”

“करणार होतास!” ‘तुम्ही’ कुठल्या कुठे पळून गेलं होतं. “रागावलेय मी. चांगलीच रागावलेय.”

“कधीपर्यंत?”

“संध्याकाळी घरी येऊन आईशी बोलेपर्यंत.”

त्यांनी मान वर केली. “आणि बाहेरचा धक्का?”

“जाणार. सोमवारी जाणार म्हणजे जाणारच.”

“जायलाच हवं.” आता ते हसले. “आईंना काय सांगू?”

“साऱ्या गोदीला सांगितलंस तेच.”

“ते सोपं होतं गं. समोर तू नव्हतीस.”

“आता आहे ना? बोल.”

ते बोलले. इतक्या हळू, की ऐकायला मला एक पाऊल पुढे यावं लागलं… मग आणखी एक.