टेक्स्टाइलवाली आई

लुआस ट्रामच्या दारातच अश्लेषाच्या हातातले कागद निसटले आणि ओल्या प्लॅटफॉर्मवर पसरले.

"अगंबाई!"

तिचं मराठी ऐकून एक मुलगा वाकला. शेवटचा कागद झटकता झटकता त्याने तो वाचलाच. "लुसाका शहरातले लोक रस्त्यावर माल घेऊन का बसतात?... का बसतात हो?"

"तेच तर शोधतेय. प्रबंध आहे माझा."

उपेंद्र पुण्याचा, इथे परदेशात सँडीफोर्ड भागात सॉफ्टवेअरमध्ये. त्या दिवशी ट्राममध्ये बोलता बोलता तो आपल्या स्टॉपवर उतरलाच नाही. मग शनिवारची कॉफी न ठरवताच ठरून गेली. एकदा त्याने सहज घरची चौकशी केली, तेव्हा ती म्हणाली, "आई ना... टेक्स्टाइलमध्ये आहे." तेव्हापासून तो आईचा विषय फार आदराने काढायचा, आणि ही घाईने विषय बदलायची.

अशाच एका शनिवारी लुसाकाहून म्वान्साबाईंचा फोन आला. टोमॅटो विकणाऱ्या बाई. मुलाखत कधीची राहिली होती. आवाज नीट येईना, म्हणून अश्लेषाने स्पीकर लावला.

"नोकरी मिळाली नाही म्हणून बसलात?" तिने यादीतलं पहिलं कारण वाचलं.

"होती की! तिथे साहेब ओरडायचा. इथे मी ओरडते," बाई हसल्या. "तुझी आई काय करते गं?"

उपेंद्र कौतुकाने पुढे झुकला. अश्लेषाचे कान तापले. परक्या बायकांना ती हे किती बिनदिक्कत विचारत होती...

"नागपूरला — फुटपाथवर बायकांचे गाऊन विकते."

फोन संपला, तरी तिला मान वर करवेना.

"टेक्स्टाइल?" तो हळूच म्हणाला.

"कॉटनचे असतात..."

तो हसला नाही. "मी नाक मुरडेन, असं वाटलं तुला?"

"मीच मुरडायचे. कॉलेजच्या मैत्रिणी बरोबर असल्या की... रस्ता बदलायचे."

"आई तिथे का बसतात, विचारलंस कधी?"

"नाही."

"मग लाव फोन."

तिने पुन्हा स्पीकर लावला. आई ऐन गर्दीत होती. "कायले बसते म्हंजे? घरात तुह्या बाबाचं थोबाड किती पाहू? इथं चार बाया येतात, भांडतात, मजा येते!"

उपेंद्रला हसू आवरेना.

"कोन हासलं वं?"

'कलीग' हा शब्द अश्लेषाच्या अगदी ओठांवर आला होता. तिने तो गिळला.

"उपेंद्र," त्याच्याकडे बघत ती म्हणाली. "मला... आवडतो, आई."

त्याचा कप हवेतच थांबला. पलीकडे आई गिऱ्हाइकाला सांगत होती, "थांब वं माय जराशी, पोरगी लाजून राह्यली!"