आठ चौकोन

"आमचा कॉम्प्युटर जोरात चालायला लागलाय," आवडाबाई शेलार म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे टिपले.

पोपटराव सकपाळांनी चहाचा कप खाली ठेवला. तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडून झाल्यावर ते नयन भोईरच्या ठाण्यातल्या डिटेक्टिव्ह ऑफिसात मदतीला आले होते. काही गेलं म्हणून रडणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. काही सुधारलं म्हणून रडणारी बाई ही पहिलीच.

"मग बरंच झालं की," ते म्हणाले. नयनने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, तसे ते गप्प बसले.

"बाळकुमला राहतो आम्ही. माझा विनीत जूनमध्ये गेला. बाईकवरून पडला. तो कॉम्प्युटर त्याने स्वतःच्या हाताने जोडलेला. दर रविवारी त्याची परीक्षा घ्यायचा. पडद्यावर एक चित्र येतं, त्यात चार छोटे चौकोन फिरत फिरत रंग भरतात. चार जणी रांगोळी काढायला बसल्यासारखे. शेवटी मार्क येतात. ते तो वहीत लिहायचा. आता मी लिहिते."

त्यांनी वही पुढे केली. पोपटरावांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं. "हे काय, शून्यावर शून्य?"

"इंग्रजी आठ आहे तो. विनीतचा आठ तसाच. दोन गोळे एकावर एक."

चारशे अठ्ठेचाळीस, चारशे बावन्न, चारशे अठ्ठावन्न. पानंच्या पानं तेच. अक्षर बदललं, आईचं झालं, तरी आकडे तेच. आणि गेल्या तीन रविवारी एकदम सहाशे अठरा.

"चौकोनही आता आठ फिरतात," आवडाबाई म्हणाल्या. "म्हातारं माणूस एकाएकी पळायला लागलं तर ते तेच नाही, एवढं मला कळतं. त्याने बसवलेलं कायतरी कोणीतरी काढून नेलंय. मला ते परत हवंय, बाई. त्याच्या हातचं तेवढंच उरलंय घरात."

रविवारी दोघं बाळकुमला पोचली. दिवाळी नुकतीच झाली होती. इमारतीत घरोघरी कंदील अजून लटकत होते. शेलारांच्या दारात काहीच नव्हतं.

दार विनीतच्या बहिणीने, रुचिताने उघडलं. "यंदा दसरा नाही, दिवाळी नाही. दादाला वर्ष झालं नाही ना अजून."

"त्या कॉम्प्युटरला तू हात लावलास?" नयनने सरळच विचारलं.

"मी? मला तो डबा घरात नकोच आहे. आई त्याच्यासमोर बसून रडते. मीच म्हटलेलं, देऊन टाका कोणालातरी."

"आई बाहेर कधी जाते?"

"गुरुवारी भजनाला. मी ऑफिसला असते. घरी बाबाच."

"बाबा काय म्हणतात?"

"बाबा बोलतच नाहीत. दादा गेला तेव्हापासून तंबाखू सोडली, बोलणंपण सोडलं. त्या डब्यावरून दादाचं नि बाबांचं रोज वाजायचं."

एवढ्यात अद्वय आला. विनीतचा जिवलग मित्र, कल्याणला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. नयननेच त्याला बोलावलं होतं.

"यात आय-फाइव्ह प्रोसेसर होता, दुसऱ्या पिढीचा," तो म्हणाला. "चार कोर, चार थ्रेड, तीन पॉइंट तीन गिगाहर्ट्झ. थ्रेड म्हणजे काम करणारे हात समजा. एका हाताचा एक चौकोन. आठ चौकोन म्हणजे आत आय-सेव्हन असणार. त्याच सॉकेटात बसतो. जुन्या बाजारात मिळतो अजून."

"म्हणजे तूच बसवलास," पोपटरावांनी प्रकरण निकालात काढलं.

अद्वयने उत्तर न देता डब्याची बाजू उघडली. आत धुळीचा कण नव्हता. पंख्याच्या मधोमध कुंकवाचा ठिपका होता. नयनने बोट लावलं, बोट लाल झालं.

पंखा आणि त्याखालचा कूलर काढल्यावर प्रोसेसर दिसला. त्याच्या चारही बाजूंनी, उष्णता कूलरपर्यंत नेणारी करडी पेस्ट बाहेर आली होती.

"ही कोणी लावली?" अद्वयचा चेहरा आंबट झाला. "पानाला चुना फासतात तशी. तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. एकदा कूलर काढला की जुनी पेस्ट पुसायची आणि नवा दाणा ठेवायचा."

"विनीत कसा लावायचा?"

"तो दाणा ठेवून बोटाने पसरायचा, कोपऱ्यापर्यंत. मी ओरडायचो. ऐकायचाच नाही."

तानाजी शेलार बाजारातून आले. कोलशेतच्या कारखान्यातले निवृत्त फिटर, अंगाने दणकट, पण खांदे पडलेले. उघडा डबा पाहून ते दारातच थबकले.

"काका, यातलं काही कोणी बदललंय का?" नयनने विचारलं.

"जुनं यंत्र आहे. कधी हळू, कधी जोरात." त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथे डबीचा उंचवटा होता.

पोपटरावांना सकाळपासून तलफ होती. तपास आपल्या जागी, तलफ आपल्या जागी. "शेलार, चिमूटभर द्या की."

"सोडली मी," तानाजी म्हणाले.

नयन खुर्चीवरून उठली आणि आवडाबाईंच्या शेजारी येऊन बसली.

"काकी, तुमचं खरं होतं. प्रोसेसर बदललाय. पण भारी माल ठेवून हलका नेणारा चोर मी पाहिला नाही. म्हणजे ज्याने नेला त्याला तो जुनाच हवा होता. अद्वयने बसवला असता तर पेस्ट अशी वाहिली नसती. रुचिताला हा डबाच नकोय, ती त्यात नवं आणून कशाला घालील? राहिलं कुंकू. ते ताजं आहे, आणि या घरात यंदा दसरा झाला नाही. मग यंत्राला कुंकू कोणी लावलं? नवी वस्तू आली की ज्याचा हात आपोआप करंड्याकडे जातो, अशा माणसाने. दर खंडेनवमीला कारखान्यात मशीनला कुंकू लावणाऱ्याने. काका, तंबाखू सोडलेला माणूस खिशात डबी का ठेवतो?"

तानाजींनी डबी काढून टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. आत कापसावर चौकोनी प्रोसेसर होता. मधली पेस्ट दबून उडालेली, पण कूलरचा गोल तुकडा जिथे टेकत नाही त्या कोपऱ्यात करड्या, वाळलेल्या पेस्टवर बारीक रेषा उमटल्या होत्या. अंगठ्याच्या.

"दिवाळीआधी तो धूळ काढायचा," तानाजी हळूच म्हणाले. "यंदा कोण काढणार, म्हणून मी उघडला. पंखा काढला नि हे दिसलं. परत बसवायचं तर पुसावं लागतं म्हणे. जुन्या बाजारात गेलेलो, तिथल्या दुकानदाराला म्हटलं, हे पुसायचं नाही, दुसरा द्या. तसाच नव्हता, त्याने हा दिला."

"मला का नाही सांगितलंत?" आवडाबाईंनी विचारलं.

"तुझ्याकडे रविवार होते. मी त्याला या डब्यावरून शिव्याच घातल्या. माझ्याकडे काय होतं?"

पोपटरावांना आपण तंबाखू मागितल्याची लाज वाटली. त्या डबीत एका बापाचा मुलगा होता, आणि त्यांनी चिमूटभर मागितली होती.

"काकी, जुना बसवून देऊ?" अद्वयने विचारलं. "पण पुसावा लागेल."

आवडाबाईंनी डबीवर वाकून खूप वेळ पाहिलं. रेषांना हात लावला नाही. मग झाकण बंद करून डबी पडद्याशेजारी ठेवली.

"राहू दे. आहे तोच बसव."

अद्वयने कॉम्प्युटर जोडला. चित्र आलं, आठ चौकोन रंग भरू लागले. आवडाबाईंनी दुसरी खुर्ची ओढली आणि नवऱ्याला बसायला सांगितलं. सहाशे अठरा आले. त्यांनी पेन तानाजींपुढे धरलं.

"अहो, आज तुम्ही लिहा."

तानाजींनी सहा काढला, एक काढला. मग जपून एक गोळा, त्याच्यावर दुसरा.

आवडाबाई वहीकडे बघत राहिल्या. "विनीतसारखाच आठ काढता की."

"त्याला मीच शिकवलेला," तानाजी म्हणाले, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा बायकोसमोर रडले.